महापालिकेच्या कुठल्या खिडकीवर जायचं?

आलेलं पत्र :

"ताई, नमस्कार. आम्ही पुण्यात उपनगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. मिस्टर एका कंपनीत ड्रायव्हर होते. दीड वर्षापूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, नोकरीही गेली. मी तीन घरी पोळ्या करते. मुलगी यंदा बारावीला ८३ टक्के मिळवून पास झाली. मुलगा महापालिकेच्या शाळेत सातवीत आहे. सासूबाई ७७ वर्षांच्या, गुडघ्यांमुळे त्यांना फारसं चालवत नाही. रेशन कार्ड केशरी आहे. शेजारच्या वहिनी म्हणतात, महापालिका खूप काही देते, आपल्यालाच माहीत नसतं. म्हणून मी एक दिवस कामावर सुट्टी घेऊन एका ऑफिसात गेले. 'गरिबांसाठी काय योजना आहेत?' असं विचारलं, तर एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, तिथून तिसरीकडे, आणि शेवटी 'इथे नाही, तिकडे जा' म्हणून सांगितलं. बाहेर एक माणूस भेटला. तीन हजार द्या, सगळं करून देतो म्हणाला. मिस्टर म्हणतात, आपण कुणापुढे हात पसरायचा नाही. मी काय करू?"

ताई,

आधी त्या तीन हजारांचं बोलू. देऊ नका. उसने काढून तर मुळीच देऊ नका. तो माणूस जे करणार आहे ते एवढंच : तुमच्याकडून कागद घेणार, अर्ज भरणार आणि ज्या टेबलावर तुम्ही जायला हवं होतं त्याच टेबलावर नेऊन ठेवणार. टेबल कुठलं ते त्याला माहीत आहे आणि तुम्हाला नाही, याचेच तो तीन हजार मागतोय. ते टेबल मी सांगते.

तुमचे मिस्टर जे म्हणतात, त्याबद्दल मला खरंच बोलायचंय, कारण या विचारानं कितीतरी घरांनी हक्काचं सोडून दिलेलं मी पाहिलंय. कष्ट करून खाल्लेल्या माणसाला खिडकीपुढे उभं राहणं जड जातं. त्यांना सांगा, ही भीक नाही. महापालिका कायद्यानं चालते. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात महापालिकेनं कुठली कामं केलीच पाहिजेत ते लिहून ठेवलंय. दवाखाने चालवणं, प्राथमिक शाळा चालवणं, स्मशानभूमीची सोय करणं ही सगळी बंधनकारक कामं आहेत. त्याचा पैसा येतो करातून. तुम्ही भाड्यानं राहता, पण घरमालक जो मिळकतकर भरतो तो तुमच्या भाड्यातूनच जातो. मिस्टरांनी इतकी वर्षं गाडी चालवली, घरात तेल-मीठ आणलं, त्या प्रत्येक गोष्टीवर कर भरलाय. आता अडचणीच्या वेळी त्यातला थोडा भाग घरी परत येतोय.

आणि हे पुण्यातच घडलेलं आहे म्हणून सांगते. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून नगरपालिकेनं स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचं ठरवलं. फुल्यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. ठरावाच्या विरोधात मत देणारे ते एकटेच होते. नगरपालिकेच्या पैशावर पहिला हक्क कुणाचा, हा प्रश्न या शहरात इतका जुना आहे. तुमच्या मुलीच्या शिक्षणाला मदत मिळाली, तर फुले जे मागत होते तेच झालं असं समजा.

आता खिडकीचं. तुम्ही विचारलंत, "गरिबांसाठी काय योजना आहेत?" प्रश्न रास्त आहे, पण महापालिकेत 'गरिबांसाठी' असा विभाग नाही, म्हणून त्याला उत्तर देणारा माणूसही कुठे बसत नाही. तिथं आरोग्य विभाग आहे, समाज विकास विभाग आहे, शिक्षण विभाग आहे. आरोग्यवाल्याला शिष्यवृत्तीचं माहीत नसतं आणि शिष्यवृत्तीवाल्याला दवाखान्याचं. शिवाय आपण सगळ्याला मिळून 'सरकार' म्हणतो, पण ती वेगवेगळी घरं आहेत. संजय गांधी निराधार, श्रावणबाळ या पेन्शनी तहसील कार्यालयातून मिळतात. उत्पन्नाचा दाखलाही तहसीलदारांचा. ससून रुग्णालय राज्य सरकारचं, पण मंगळवार पेठेतलं कमला नेहरू रुग्णालय महापालिकेचं. एसटीतली सवलत राज्याची, पीएमपीच्या, म्हणजे पुण्यातल्या शहर बसच्या, पासाची वेगळी. एका दारी दुसऱ्या घरचं मागितलं की हेलपाटे ठरलेलेच.

म्हणून माझं सांगणं असं की घरातला एकेक माणूस घ्या आणि त्याच्या गरजेचा विभाग कुठला ते ठरवा. योजनांची नावं बदलतात, नवीन आयुक्त आले, नवीन वर्ष लागलं की रकमाही बदलतात. विभाग मात्र तिथंच असतो. "आरोग्य विभागात शहरी गरीब योजनेचं टेबल कुठंय?" असं विचारलंत की बोट बरोबर त्या दिशेला जाईल.

सुरुवात मिस्टरांपासून, कारण पैसा सगळ्यात जास्त तिथं जातोय. तुमच्या पत्रात डायलिसिस कुठे करता आणि किती पैसे देता ते नाही. जिथं करता तिथं उद्याच विचारा की हे रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का. ही योजना राज्याची आहे, पण आधी तिच्याबद्दल सांगते कारण तिच्यात डायलिसिस बसतं आणि योजनेतल्या रुग्णालयात त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. तुमचं केशरी कार्ड चालतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो, बहुतेक ठिकाणी दाराजवळच त्याचं टेबल असतं. डॉक्टरांना नाही, त्याला गाठा. रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. तुमचं रुग्णालय योजनेत नसेल, तर योजनेतल्या दुसऱ्या एखाद्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, जवळचं कुठलं आहे ते तो सांगेल. रुग्णालय बदलणं जिवावर येतं, ओळखीचे सिस्टर-डॉक्टर सोडवत नाहीत, हे मला कळतं. पण आठवड्यातून दोनदा म्हणजे वर्षाला शंभरावर वेळा. पैसे भरून शंभर वेळा जायचं की न भरता, एवढा फरक आहे त्यात.

योजनेत न बसणारा खर्च उरतो. मध्येच ताप येऊन अ‍ॅडमिट व्हावं लागतं, डायलिसिससाठी हातात केलेला फिस्टुला बिघडतो. अशा वेळेसाठी पुणे महापालिकेची स्वतःची शहरी गरीब वैद्यकीय सहाय्य योजना आहे. दारिद्र्यरेषेखालचं पिवळं कार्ड असलेले, घोषित झोपडपट्टीत राहणारे, किंवा ठरलेल्या मर्यादेत उत्पन्न असलेले पुणेकर तिच्यात येतात. महापालिकेनं ठरवून दिलेल्या रुग्णालयांत बिलाचा निम्मा भार महापालिका उचलते. साधारण आजारांसाठी वर्षाला कुटुंबामागे १ लाखापर्यंत, आणि किडनी, हृदयविकार, कॅन्सर यांसाठी २ लाखांपर्यंत. म्हणजे मिस्टरांचा आजार मोठ्या मर्यादेत येतो.

पण यातली गोम नीट समजून घ्या. ही योजना म्हणजे बिल भरून झाल्यावर पैसे परत मागायची सोय नाही. आधी कुटुंबाचं कार्ड काढायचं आणि माणूस दवाखान्यात असतानाच आरोग्य विभागाकडून रुग्णालयाच्या नावानं पत्र घ्यायचं. डिस्चार्ज होऊन, दागिने गहाण टाकून, बिल भरून मग लोक धावत येतात आणि तेव्हा काही करता येत नाही. कार्डाला मुदत असते, त्यामुळे कार्ड हातात पडलं की आधी त्यावरची तारीख बघा आणि ती घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. माणूस धडधाकट असताना, म्हणजे तुमच्या बाबतीत दोन डायलिसिसच्या मधल्या दिवशी, हे काम करून घ्या. रात्री दोन वाजता रिक्षात बसताना कार्ड पिशवीत असलं पाहिजे.

तुमचं केशरी कार्ड असल्यानं उत्पन्नाचा दाखला लागेल, आणि इथंच अनेकांचं अडतं. मिस्टर नोकरीत असतानाचा जुना दाखला घरात असेल तर तो देऊ नका. त्यावर कंपनीचा पगार दिसेल आणि तुम्ही मर्यादेबाहेर जाल. आजची परिस्थिती दाखवणारा नवा दाखला काढा. आपले सरकार सेवा केंद्रातून तहसील कार्यालयाकडे अर्ज जातो. कंपनीनं काम थांबवल्याचं पत्र असेल तर जोडा. नसेल तर शेवटची पगाराची चिठ्ठी आणि बँकेचं पासबुक, ज्यात पगार यायचा बंद झाल्याचं दिसतं, ते जोडा. डायलिसिसची फाइलही दाखवा. खोटं काही लिहू नका, लिहायची गरजही नाही.

आता लेकीचं. ८३ टक्के! घरात वडिलांचं असं आजारपण आणि त्यात एवढे मार्क. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

पुणे महापालिकेच्या दोन अर्थसहाय्य योजना आहेत. दहावी झालेल्यांसाठी मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाची, ती १५ हजारांची. बारावी झालेल्यांसाठी साहित्यरत्न लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाची, ती २५ हजार रुपयांची. खुल्या गटात ८० टक्के लागतात. मागासवर्गीयांना, महापालिकेच्या शाळेत किंवा रात्रशाळेत शिकलेल्यांना ७० टक्क्यांची अट आहे, आणि ४० टक्के अपंगत्व असलेल्या मुलांना ६५ टक्क्यांची. तुमची मुलगी कुठल्याही हिशेबानं बसते. अर्ज महापालिकेच्या डीबीटी पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश घेतल्याचा पुरावा लागतो, म्हणून कॉलेजची फीची पावती जपून ठेवा. पैसे थेट खात्यात येतात. तेव्हा तिचं स्वतःच्या नावाचं बँक खातं नसेल तर ते आधी उघडा आणि आधारशी जोडून घ्या.

मी एका मुलीला ओळखते, आमच्याच गल्लीतली. दहावीला ८८ टक्के होते. तिच्या घरी हे कळलं तेव्हा अर्जाची मुदत संपून चार दिवस झाले होते. आई माझ्याकडे येऊन रडली. चार दिवस म्हणजे केवढे, पण पोर्टल बंद झालं की ते कुणाच्या हातात राहत नाही. तेव्हापासून निकाल लागला की मी गल्लीत सगळ्यांना विचारत सुटते. तुम्हीही पोर्टल आता लगेच उघडून बघा, मुदत चालू असेल तर शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. त्या दिवसांत साइट हमखास अडकते. आणि तुमच्या वाड्यावस्तीत दहावी-बारावी झालेलं दुसरं कुणी असेल तर त्यांनाही सांगा.

मुलगा महापालिकेच्या शाळेत आहे, त्याचं सोपं आहे. पाचवी ते दहावीच्या महापालिका शाळांतल्या मुलांना पीएमपीचा पास मोफत मिळतो, शाळेतच अर्ज मिळतो. खासगी शाळांतल्या मुलांच्या पासातही पाऊण हिस्सा महापालिका भरते. वाचकांपैकी ज्यांची मुलं खासगी शाळेत बसनं जातात, त्यांनी शाळेच्या ऑफिसात चौकशी करावी. गणवेश, वह्या-दप्तर याचे पैसे मुलाच्या किंवा पालकांच्या खात्यात येत असतील तर खातं चालू आहे ना, एवढं मुख्याध्यापकांकडून खात्री करून घ्या.

सासूबाईंसाठी महापालिकेपेक्षा राज्य आणि केंद्राकडेच जास्त आहे. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड काढता येतं. ते नक्की काढून घ्या, आधार पुरतं. पंच्याहत्तरी झालेल्यांना एसटी मोफत आहे. महापालिकेचं म्हणाल तर जवळच्या दवाखान्यात त्यांचा केसपेपर काढून ठेवा, बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी मेडिकलमध्ये पैसे घालायची गरज पडणार नाही. जवळ विरंगुळा केंद्र असेल आणि तिथवर त्यांना चालवत असेल, तर दुपारी दोन तास जाऊ द्या. घरात सतत आजारपण असलं की म्हातारं माणूस गप्प होतं.

आता तुम्ही. पत्रात तुम्ही सगळ्यांचं लिहिलंत, स्वतःचं एक वाक्यही नाही. तीन घरच्या पोळ्या, दोनदा दवाखाना, दोन मुलं, सासूबाई. तुमच्यासाठी समाज विकास विभाग आहे. महापालिकेच्या तुमच्या भागातल्या क्षेत्रीय कार्यालयात त्या विभागाच्या 'समूहसंघटिका' असतात. हा शब्द पाठ करून जा. बचत गट, महिलांची प्रशिक्षणं, शिलाई मशिनसारखी मदत, कुठल्या वस्तीत कधी शिबिर आहे, हे सगळं त्यांच्या वहीत असतं. त्या वस्त्यांमध्ये फिरत असतात, म्हणून ऑफिसात सहसा सकाळी लवकर भेटतात. त्यांना तुमच्या घरची परिस्थिती मोकळेपणानं सांगा. तुम्हाला उत्तम पोळ्या येतात, तीन घरं तुम्हाला सोडत नाहीत, म्हणजे हाताला चव आहे. चार बायकांचा गट असेल तर डबे, चपात्या-भाकरी यांच्या ऑर्डरी घेता येतात आणि गटाला बँकेचं कर्जही एकटीपेक्षा सहज मिळतं. आज नाही जमलं तरी ओळख करून ठेवा. माझा अनुभव असा आहे की एक बरी समूहसंघटिका ओळखीची असली, की योजनेची बातमी पेपरात येण्याआधी घरी येते.

कागदांबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं, कारण अर्ज नाकारले जातात ते बहुतेक कागदांपायी. एक प्लास्टिकची फाइल करा. तिच्यात रेशन कार्ड, सगळ्यांची आधार कार्डं, बँकेची पासबुकं, उत्पन्नाचा दाखला, मुलांच्या मार्कलिस्ट, मिस्टरांची दवाखान्याची कागदपत्रं, आणि राहण्याचा पुरावा. भाडेकरूंचं घोडं या शेवटच्या कागदावर अडतं. साध्या स्टँप पेपरवरचा भाडेकरार पुष्कळ ठिकाणी चालत नाही, नोंदणी केलेला लागतो. घरमालकांना विनंती करा. नोंदणीचा खर्च तुम्ही दिलात तरी शहरी गरीबच्या एका बिलात तो भरून निघेल. लाइट बिल मालकाच्या नावावर असलं तरी त्याची झेरॉक्स जोडीला ठेवा.

आणि नावं तपासा. आधारवर एक, रेशन कार्डावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं, असं आपल्या बायकांच्या बाबतीत फार होतं. माहेरचं नाव, सासरचं नाव, कुठे 'बाई' लागलेलं, कुठे नाही. एक अक्षर इकडे तिकडे असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या. पैसे मंजूर झाल्यावर खात्यातलं नाव जुळत नाही म्हणून परत जातात, आणि ते परत आणायला पुन्हा महिने लागतात.

कुठलाही अर्ज दिलात की त्याची पोच घ्या. दुसऱ्या झेरॉक्सवर आवकचा शिक्का, तारीख आणि नंबर. "ठेवून जा, बघतो" असं म्हणाले तर नम्रपणे पण ठाम सांगा, "साहेब, शिक्का तेवढा मारून द्या." आमच्या घरी वडील गेले तेव्हा मला हे कळत नव्हतं. मृत्यूचा दाखला काढायला गेले, कागद ठेवून आले, आठवड्यानं गेले तर कागदच नाहीत. दारातल्या माणसाला पैसे देऊन दाखला काढला. जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर नोंदीला पैसे नसतात आणि कायद्यानं पहिली प्रत फुकट द्यावी लागते, हे मला दोन वर्षांनी कळलं. ते पैसे फार नव्हते. पण त्या दिवशी, त्या अवस्थेत, मला कुणीतरी लुबाडलं हे अजून मनात आहे. या सदरात मी अशा गोष्टी इतक्या खोलात जाऊन लिहिते त्याचं कारण तेच.

वहिनी बरोबर म्हणाल्या की आपल्याला माहीत नसतं. सगळ्या योजनांची एकत्र यादी कुठे मिळेल, असं मला बरेच वाचक विचारतात. मिळते, फक्त तिला यादी म्हणत नाहीत. महापालिकेचं अंदाजपत्रक, म्हणजे बजेटचं पुस्तक, वेबसाइटवर असतं आणि मराठीत असतं. मुलीला मोबाइलवर उघडायला सांगा. पानं खूप आहेत, सगळी वाचायची नाहीत. समाज विकास, आरोग्य, शिक्षण, क्रीडा एवढेच विभाग काढायचे. त्याखाली ओळीनं लिहिलेलं असतं, अमुक अर्थसहाय्य, तमुक प्रशिक्षण, आणि समोर रुपयांचा आकडा. ज्या ओळीपुढे आकडा आहे ती योजना यंदा जिवंत आहे. ती ओळ वहीत लिहून घेऊन त्या विभागात जायचं आणि विचारायचं, "या नावावर यंदा तरतूद आहे, अर्ज कधी घेणार?" अशा प्रश्नाला "योजना बंद झाली" असं उत्तर मिळत नाही.

तरतूद १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर पैसे संपल्याचं उत्तर मिळायची शक्यता जास्त. पावसाळ्यात, शाळा-कॉलेजं सुरू झाली की चौकशी सुरू करा. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नवं वाटप थांबतं, तेवढ्या काळात कागद गोळा करत राहा.

पुण्याबाहेरच्या वाचकांनी योजनांची ही नावं धरून बसू नये. महाराष्ट्रात २९ महापालिका आहेत आणि प्रत्येकीचं वेगळं. मुंबईत महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना २७ शालेय वस्तू मिळतात, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, आणि 'आपला दवाखान्या'त तपासणी, औषधं व कितीतरी चाचण्या मोफत होतात. पिंपरी-चिंचवडमध्ये मोठ्या आजाराला यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. गावात असाल तर ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून हा हिशेब मागता येतो, तो मागा. दिव्यांगांसाठीचा निधी न वापरता पडून राहतो, कारण मागणारेच जात नाहीत.

काही गोष्टींना तर अर्जच लागत नाही. बाळाच्या लसी, सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यातलं बाळंतपण, टीबीची औषधं आणि त्यासोबत पोषणासाठी महिन्याला मिळणारे १ हजार रुपये. तिथं फक्त जायचं. मुलीला घरी अभ्यासाला जागा नसेल, तर जवळ महापालिकेची अभ्यासिका आहे का ते बघा.

आणि एवढं करून कुणी दाद दिली नाही तर? आधी विभागप्रमुखांना लेखी. मग महापालिकेचा लोकशाही दिन असतो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. त्यात तक्रार मांडायची तर अर्ज आधी द्यावा लागतो. दाखले, नोंदी अशा ठरवून दिलेल्या सेवांना २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा लागू आहे, मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्थसहाय्याच्या योजनेत अर्ज अडकला, तर माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून साधा अर्ज करा : माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, कुणाच्या टेबलावर किती दिवस होता, आणि या योजनेत यंदा किती तरतूद, किती खर्च. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पोचेचा नंबर तेव्हा उपयोगी पडतो. बऱ्याचदा उत्तर यायच्या आधी तुमचं कामच होऊन जातं.

पण तुमच्यावर ही वेळ येऊ नये. एवढं सगळं एका दिवसात करायचं नाहीये. पोळ्यांची कामं बुडवून रोज जाणं तुम्हाला परवडणार नाही. पुढच्या डायलिसिसला आरोग्यमित्राला भेटा, तिथं तुम्ही जाणारच आहात. त्याच आठवड्यात मुलीला घेऊन सेवा केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाका आणि तिथं बसल्या बसल्या तिचा पोर्टलवरचा अर्ज भरून घ्या. दाखला हातात आला की एक सकाळ शहरी गरीबच्या कार्डासाठी. समूहसंघटिकांकडे नंतर जा, घाई नाही. मिस्टरांना बरं वाटत असेल त्या दिवशी कार्डाच्या टेबलावर त्यांनाही सोबत न्या. इतकी वर्षं स्टिअरिंगमागे बसलेला माणूस घरात नुसता पडून असतो, त्याला फाइल धरायला, रांगेत नंबर लावायला, नावं तपासायला देऊन बघा.

कुठल्या टेबलावर काय उत्तर मिळालं ते मला लिहून कळवा. आरोग्यमित्र काय म्हणाला ते सगळ्यात आधी.